टीव्हीला कॉम्प्युटर जोडला, पण चित्र नीट येत नाही: दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा की आणखी कुणाचा?

लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली, रिमोटने टीव्हीचा सोर्स बदलला आणि पडद्यावर अक्षरं आली: 'नो सिग्नल'. किंवा चित्र आलं, पण चारही कडा कापलेल्या आणि खालचा टास्कबार अर्धा गायब. किंवा चित्र झकास, पण आवाज मात्र लॅपटॉपच्याच बारक्या स्पीकरमधून. अशा वेळी ओळखीतल्या 'कॉम्प्युटरवाल्या'ला फोन केला की ठरलेलं उत्तर मिळतं, "ग्राफिक्सचा ड्रायव्हर उडाला असेल, विंडोज मारून घ्या." मग मशीन दुकानात जातं, फॉरमॅट होतं. डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये ठेवलेले फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, बँकेची कागदपत्रं पुसली जातात. पैसे द्यावे लागतात ते वेगळेच. आणि घरी येऊन केबल जोडली की टीव्ही पुन्हा 'नो सिग्नल'च म्हणतो.

ड्रायव्हर बिघडत नाही असं नाही. पण टीव्ही जोडताना येणाऱ्या अनेक तक्रारींत ड्रायव्हर हा फक्त निरोप्या असतो. त्याला चुकीचा निरोप मिळतो आणि तो इमानेइतबारे तोच पुढे पोचवतो. निरोप कुठे बिघडला हे घरबसल्या शोधता येतं, आणि त्यासाठी फॉरमॅटची गरज जवळजवळ कधीच लागत नाही.

केबल लावल्यावर पहिल्या क्षणी काय घडतं?

पडद्यावरचं चित्र तयार करणारी चिप म्हणजे ग्राफिक्स कार्ड. काही मशीनमध्ये ते एनव्हिडिया किंवा एएमडीचं वेगळं कार्ड असतं, तर बहुतेक साध्या लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमध्येच ही चिप बसवलेली असते. विंडोजला या चिपशी थेट बोलता येत नाही. मध्ये दुभाषा लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर.

एचडीएमआय हे कनेक्शन २००२ च्या अखेरीस हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, तोशिबा, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या कंपन्यांनी मिळून आणलं. त्याच्या नेहमीच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. त्यातल्या बऱ्याचशा चित्र आणि आवाज वाहून नेतात, पण टीव्ही 'ओळखण्याचं' काम उरलेल्या मोजक्या पिनांचं. १८ क्रमांकाच्या पिनेतून कॉम्प्युटर टीव्हीला ५ व्होल्टचा पुरवठा देतो. टीव्ही १९ क्रमांकाच्या पिनेवरून 'मी इथे आहे' असं कळवतो. मग १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवरून कॉम्प्युटर टीव्हीच्या आत साठवलेली एक छोटीशी माहितीपत्रिका वाचतो. तिचं नाव ईडीआयडी.

ही ईडीआयडी म्हणजे टीव्हीचा बायोडेटाच. कंपनीचं सांकेतिक नाव, मॉडेल, बनवल्याचं साल आणि आठवडासुद्धा त्यात असतो. शिवाय कोणतं रिझोल्यूशन चालतं, कोणता रिफ्रेश रेट चालतो, आवाजाचे कोणते प्रकार झेपतात, तेही. मूळ पत्रिका अवघी १२८ बाइटची. टीव्हीसारख्या उपकरणात तिला तेवढीच, कधी त्याहून मोठी पुरवणी जोडलेली असते. ड्रायव्हर हा बायोडेटा वाचतो आणि त्यावरून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये दिसणारी रिझोल्यूशनची यादी तयार करतो. बायोडेटात जे लिहिलेलं नाही, ते ड्रायव्हर सहसा टीव्हीला देत नाही.

म्हणजे केबलमधली एखादी बारीक तार तुटली, पोर्टात धूळ बसली किंवा मध्ये लावलेल्या स्वस्त कन्व्हर्टरने भलताच बायोडेटा पुढे केला, तर ड्रायव्हर ठणठणीत असूनही चित्र बिघडतं. जुन्या लॅपटॉपचा व्हीजीए पोर्ट एचडीएमआयमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरच्या बाबतीत हे हमखास होतं. त्यातले काही टीव्हीचा नव्हे, स्वतःचाच बायोडेटा दाखवतात.

हे पडताळायची सोपी खूण विंडोजमध्येच आहे. 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडायचं आणि टीव्हीचं नाव काय दिसतं ते पाहायचं. तिथे टीव्हीच्या कंपनीचं नाव असेल, तर बायोडेटा पोचला आहे. 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असं काही दिसत असेल आणि रिझोल्यूशनच्या यादीत ६४० बाय ४८० किंवा १०२४ बाय ७६८ असे जुनाट आकडेच असतील, तर बायोडेटा वाटेतच हरवला आहे. अशा वेळी ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी फरक पडत नाही. आधी केबल बदलायची, मग टीव्हीचा दुसरा पोर्ट वापरून पाहायचा, मधला कन्व्हर्टर किंवा स्प्लिटर काढून टाकायचा.

ड्रायव्हरवर आळ घेण्याआधी

डेस्कटॉप असेल तर एक चाचणी लाखमोलाची आहे. मॉनिटर काढून फक्त टीव्ही जोडायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं. विंडोज सुरू होण्याआधी मदरबोर्डच्या कंपनीचा लोगो किंवा पांढरी अक्षरं टीव्हीवर दिसतात का? त्या क्षणी विंडोजचा ड्रायव्हर अजून लोडच झालेला नसतो. लोगो दिसला आणि विंडोज येताच पडदा काळा झाला, तर संशय ड्रायव्हरवर किंवा विंडोजच्या सेटिंगवर. लोगोसुद्धा दिसला नाही, तर दोष बहुधा केबल, पोर्ट, कार्ड किंवा टीव्हीकडे. लॅपटॉपवर ही चाचणी तितकी भरवशाची नाही, कारण अनेक लॅपटॉप सुरुवातीचा लोगो फक्त स्वतःच्याच पडद्यावर दाखवतात.

डेस्कटॉपवाल्यांची आणखी एक नेहमीची फसगत म्हणजे केबल चुकीच्या भोकात लावणं. असेंबल केलेल्या मशीनच्या पाठीमागे दोन ठिकाणी एचडीएमआय पोर्ट असू शकतो: वर मदरबोर्डचा, उभ्या रांगेत, आणि खाली ग्राफिक्स कार्डाचा, आडव्या पट्टीत. वेगळं कार्ड असेल तर केबल त्याच्याच पोर्टात हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतं, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ग्राफिक्सची चिप चालू स्थितीत नसतेच. एएमडीच्या रायझन ५ ५६०० लाही ती नाही. अशा मशीनमध्ये मदरबोर्डचा एचडीएमआय पोर्ट नुसता शोभेचा. हे प्रोसेसर थोडे स्वस्त पडतात म्हणून गेमिंगच्या असेंबल मशीनमध्ये ते भरपूर वापरले जातात, आणि विकणारा हे सांगेलच असं नाही.

लॅपटॉपमध्ये उलटी गंमत. गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, इंटेल किंवा एएमडीची साधी आणि एनव्हिडियाची दणकट. एचडीएमआय पोर्ट यातल्या नेमक्या कुणाला जोडलेला आहे, हे मॉडेलनुसार बदलतं. पोर्ट इंटेलच्या चिपला जोडलेला असेल आणि माणूस रात्रभर एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून टाकत बसला असेल, तर हाती काही लागणार नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स' नावाचं पान आहे. कोणता पोर्ट कोणत्या चिपकडे जातो, हे तिथे आकृती काढूनच दाखवलेलं असतं.

आणि हो, 'विंडोज' आणि 'पी' ही बटणं एकत्र दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' तर निवडलेलं नाही ना, हेही पाहावं. 'डुप्लिकेट' किंवा 'एक्स्टेंड' निवडलं की कित्येक बंद पडलेले टीव्ही उजळतात.

ड्रायव्हर खरोखरच दोषी असतो तेव्हा

आता खरा आरोपी. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स'खाली काय आहे ते पाहायचं. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' दिसत असेल, तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोजने कामचलाऊ दुभाषा उभा केला आहे. त्याला एकच पडदा सांभाळता येतो. दुसरा पडदा जोडणं, एचडीएमआयमधून आवाज पाठवणं हे त्याच्या आवाक्याबाहेरचं. लॅपटॉपची ब्राइटनेसची पट्टीही अशा वेळी बहुधा काम करत नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर नेमकं हेच होऊ शकतं. म्हणजे टीव्ही चालावा म्हणून फॉरमॅट केलेलं मशीन कधीकधी त्या फॉरमॅटमुळेच टीव्ही ओळखेनासं होतं.

नाव बरोबर असूनही त्यावर पिवळा त्रिकोण असेल, तर त्यावर डबल क्लिक करून संदेश वाचावा. 'कोड ४३' असेल तर त्याचा अर्थ, चिपने स्वतःच अडचण कळवल्यामुळे विंडोजने तिला थांबवलं आहे. ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकल्यावरही तोच कोड परत आला, तर मात्र कार्डच निकामी झाल्याची शक्यता धरावी.

'कालपर्यंत चालत होतं' या तक्रारीमागे बरेचदा विंडोज अपडेट असतं. विंडोज स्वतःहून ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलू शकते, आणि तिच्याकडे असलेला ड्रायव्हर नेहमीच नवा असतो असं नाही. एएमडीच्या मशीनवर मग 'सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर जुळत नाहीत' अशा अर्थाचा संदेश येतो, आणि टीव्हीच्या सगळ्या सेटिंग्जचं पॅनेलच उघडत नाही.

उपाय सौम्यापासून कडकाकडे जावेत. आधी 'विंडोज', 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'बी' ही चार बटणं एकत्र दाबायची. पडदा क्षणभर काळा होतो, बीप ऐकू येते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेल्या फायली जशाच्या तशा राहतात. त्याने भागलं नाही तर रीस्टार्ट. इथे एक बारकावा आहे. विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे मशीन बंद करून चालू केलं तरी जुनाच घोळ पुढे चालू राहू शकतो. 'रीस्टार्ट' निवडलं की मात्र सगळं कोऱ्या पाटीने सुरू होतं.

अपडेटनंतरच बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून आधीच्या ड्रायव्हरवर परत जाता येतं. तेही नसेल तर स्वच्छ इन्स्टॉल. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये 'क्लीन इन्स्टॉलेशन'चा चौकोन असतो, तर एएमडीचं वेगळं 'क्लीनअप युटिलिटी' आहे. जुन्या ड्रायव्हरचे अवशेष मुळापासून काढायचे असतील तर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे मोफत साधन सेफ मोडमध्ये चालवतात. ते चालवताना इंटरनेट बंद ठेवावं, नाहीतर नवा ड्रायव्हर टाकायच्या आत विंडोज स्वतःच्याकडचा आणून बसवते.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा, यात सगळ्यात जास्त लोक फसतात. गुगलवर ड्रायव्हर शोधला की वर जाहिराती येतात: 'एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट'. असली साधनं टाळावीत. त्यातली काही नको ते सॉफ्टवेअर मशीनमध्ये घुसवतात, काही 'तुमचे ५३ ड्रायव्हर जुने आहेत' अशी भीती घालून वर्गणी मागतात. लॅपटॉपसाठी आधी लॅपटॉपच्या कंपनीची साइट, मग इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाची स्वतःची साइट आणि विंडोज अपडेट. याबाहेर जायचं कारण नाही, आणि या तिन्ही ठिकाणी ड्रायव्हर फुकट मिळतो.

कडा कापल्या जातात, कारण टीव्ही जुन्या सवयी सोडत नाही

चित्र आलं, पण टास्कबार किंवा बंद करायची फुली पडद्याबाहेर गेली, तर ड्रायव्हर निर्दोष आहे असं समजायला हरकत नाही. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. काचेच्या जाडजूड पिक्चर ट्यूबच्या काळात प्रत्येक टीव्हीची कड थोडी वाकडीतिकडी यायची. ती झाकण्यासाठी चित्र पडद्याहून जरा मोठं दाखवलं जायचं, आणि वाहिन्याही महत्त्वाची अक्षरं कडेपासून लांब ठेवायच्या. ट्यूब गेल्या, सपाट पॅनेल आली, तरी अनेक टीव्ही एचडीएमआयमधून आलेलं चित्र अजून थोडं फुगवूनच दाखवतात. सिनेमात ते कळत नाही, कॉम्प्युटरवर लगेच कळतं.

यावर उपाय टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे. 'पिक्चर साइझ' किंवा 'आस्पेक्ट रेशो' असा मेनू शोधायचा. एलजीवर 'जस्ट स्कॅन', सॅमसंगवर 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीवर 'फुल पिक्सेल', शार्पवर 'डॉट बाय डॉट' अशी नावं आढळतात. ड्रायव्हरच्या पॅनेलमध्येही चित्र आक्रसवायची पट्टी असते, पण ती शेवटचा उपाय म्हणून ठेवावी. आधी ड्रायव्हरने चित्र लहान करायचं आणि मग टीव्हीने ते मोठं करायचं, यात अक्षरांचा पार भुगा होतो. चित्राभोवती काळी चौकट येत असेल, तर एएमडीच्या पॅनेलमधली 'एचडीएमआय स्केलिंग'ची पट्टी शून्यावर आणावी.

एचडी रेडी टीव्हीवर अक्षरं पुसट दिसण्याचं कारण मात्र वेगळं. या टीव्हींच्या पॅनेलमध्ये साधारणपणे १३६६ बाय ७६८ ठिपके असतात. हा आकडाच अडचणीचा, कारण १३६६ ला ८ ने भाग जात नाही आणि ईडीआयडीच्या एका जुन्या भागात आडवी रुंदी ८ च्या पटीतच लिहिता येते. म्हणून कॉम्प्युटरला १३६० बाय ७६८ दिसतं, किंवा १२८० बाय ७२० आणि १९२० बाय १०८० हे टीव्हीचे नेहमीचे आकडे. यातलं काहीही निवडलं तरी टीव्हीला चित्र ताणावं किंवा दाबावं लागतं. १३६० बाय ७६८ यादीत असेल तर तेच सगळ्यात जवळचं.

फिके रंग, फुटलेली अक्षरं

कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा ० ते २५५ अशा मोजतो. टीव्हीच्या जगात मात्र १६ म्हणजे काळा आणि २३५ म्हणजे पांढरा, अशी पद्धत आहे. एकाने एक भाषा धरली आणि दुसऱ्याने दुसरी, की घोळ होतो. ड्रायव्हर १६ ते २३५ पाठवतोय आणि टीव्ही ० ते २५५ समजतोय, तर काळा रंग राखाडी दिसतो आणि सगळं चित्र धुरकट होतं. उलट झालं तर अंधाऱ्या प्रसंगातले चेहरे काळ्यात बुडून जातात. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये 'आउटपुट डायनॅमिक रेंज' आणि टीव्हीवर 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' किंवा तशाच नावाची सेटिंग असते. दोन्हीकडे एकच भाषा निवडायची, एवढंच. एचडीआरवाल्या टीव्हीवर फक्त डेस्कटॉप फिका दिसत असेल, तर 'विंडोज', 'ऑल्ट' आणि 'बी' दाबून एचडीआर बंद करून पाहावं.

लाल किंवा निळ्या अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात, तेव्हा रंगाची माहिती वाटेत कमी केली जात असते. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक रंगातल्या फरकापेक्षा जास्त कळतो, म्हणून व्हिडिओत रंगाचे तपशील कमी पाठवले तरी खपून जातं. ४:४:४ म्हणजे पूर्ण रंग, ४:२:० म्हणजे चार ठिप्यांत मिळून एकदाच रंग. सिनेमाला चालतं, एक्सेलच्या रकान्यांना नाही. अनेक सॅमसंग आणि एलजी टीव्हींवर त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा प्रकार बदलून 'पीसी' केला की टीव्ही पूर्ण रंग दाखवू लागतो. नुसतं नाव बदलल्याने चित्र सुधारतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या नावामागे टीव्हीची वेगळी सेटिंग दडलेली असते.

४के टीव्ही, पण माउस अडखळत चालतो

४के टीव्हीवर माउसचा बाण उड्या मारत चालला तर समजावं की रिफ्रेश रेट ३० हर्ट्झवर अडकला आहे. हिशोब असा: ४के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. सेकंदाला ६० वेळा ते रंगवायचे आणि प्रत्येकासाठी २४ बिट माहिती पाठवायची, तर सेकंदाला जवळपास १२ गिगाबिट लागतात. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये चित्रासाठी साधारण ८ गिगाबिटच मिळत. म्हणून ते ४के ला ३० हर्ट्झवर थांबतं. २०१३ च्या एचडीएमआय २.० मध्ये ही अडचण सुटली, २०१७ च्या २.१ मध्ये तर १२० हर्ट्झही शक्य झालं.

इथे ड्रायव्हरची खरी करामतही पाहायला मिळते. २०१४ मध्ये एनव्हिडियाने केपलर पिढीच्या, म्हणजे जुन्या एचडीएमआयच्या कार्डांवर केवळ ड्रायव्हर अपडेटने ४के ६० हर्ट्झ सुरू केलं. युक्ती साधी होती: रंग ४:२:० करायचे, म्हणजे माहिती निम्मी होते आणि तेवढ्याच नळीत मावते. सिनेमासाठी छान, मजकुरासाठी बेताचं.

कार्ड आणि टीव्ही दोन्ही नवे असूनही ३० हर्ट्झच मिळत असेल, तर टीव्हीतली जास्त वेगाची सेटिंग बंद असण्याची शक्यता दाट. एलजीवर तिचं नाव 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीवर 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट'मधलं 'एन्हान्स्ड'. ती बंद असताना टीव्ही मुद्दाम साधा बायोडेटा दाखवतो, म्हणजे जुनी उपकरणं गोंधळत नाहीत. ती चालू केली की ड्रायव्हरच्या यादीत ६० हर्ट्झ आपोआप उगवतं. केबल घेताना 'एचडीएमआय २.० ची केबल' असं छापलेलं पाहून भुलू नये. अधिकृत वर्गवारी वेगावर आहे: १८ गिगाबिटसाठी 'प्रीमियम हाय स्पीड', ४८ गिगाबिटसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड', आणि खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल.

दोष भलत्याच ठिकाणी असू शकतो याचं गाजलेलं उदाहरण २०२० चं. एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिका आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स बाजारात आले, तेव्हा डेनन, मरँट्झ आणि यामाहाच्या काही नव्या रिसीव्हरमधून ४के १२० हर्ट्झ पाठवलं की पडदा काळा व्हायचा. पहिला संशय साहजिकच कार्डावर. दोष निघाला रिसीव्हरमधल्या एचडीएमआय चिपमध्ये. कितीही ड्रायव्हर बदलले असते तरी तो जाणार नव्हता.

लिनक्सवाल्यांची अडचण तर तांत्रिकही नव्हती. एएमडीने आपल्या खुल्या लिनक्स ड्रायव्हरसाठी एचडीएमआय २.१ चं काम केलं होतं, पण २०२४ च्या सुरुवातीला एचडीएमआय फोरमने ते खुलं करायला नकार दिला. कार्डाची ताकद होती, टीव्हीचीही होती, परवानगी नव्हती.

आवाज लॅपटॉपमधूनच येतो

एचडीएमआयमधून जाणारा आवाज लॅपटॉपच्या नेहमीच्या साउंड चिपमधून जात नाही, तो ग्राफिक्स चिपमधून जातो. त्याचा स्वतंत्र ड्रायव्हर असतो: 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ', 'एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ' किंवा 'एएमडी हाय डेफिनिशन ऑडिओ'. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुटच्या यादीत टीव्हीचं नाव निवडलं की बहुतेकांचं काम तिथेच संपतं. यादीत टीव्हीच नसेल, तर ड्रायव्हर टाकताना कुणीतरी 'कस्टम'मध्ये जाऊन ऑडिओचा चौकोन रिकामा ठेवलेला असू शकतो. जुन्या कार्डाच्या डीव्हीआय पोर्टातून अनेकदा आवाज जातच नाही, आणि व्हीजीएमधून तर कधीच नाही. तिथे वेगळी ऑडिओ वायर लावावी लागते.

झोपेतून उठल्यावर टीव्ही हरवतो

टीव्ही बंद केला किंवा सोर्स बदलला, की काही मॉडेल १९ क्रमांकाच्या पिनेवरचा 'मी इथे आहे' हा इशारा मागे घेतात. ड्रायव्हरला वाटतं केबल निघाली. तो सगळ्या खिडक्या दुसऱ्या पडद्यावर ढकलतो, आवाज लॅपटॉपकडे वळवतो. परत आल्यावर सगळं विस्कटलेलं. आधी टीव्ही लावून सोर्स निवडायचा आणि मग कॉम्प्युटर जागा करायचा, या क्रमाने बराच त्रास टळतो. कॉम्प्युटर कायमचा टीव्हीलाच जोडलेला असेल, तर टीव्हीचा बायोडेटा साठवून ठेवणारं छोटं ईडीआयडी एम्युलेटर मध्ये लावता येतं.

ड्रायव्हरच मिळेनासा झाला तर

जुन्या कार्डांचं आयुष्य ड्रायव्हरवरही मोजलं जातं. एनव्हिडियाने केपलर कार्डांचे, आणि एएमडीने रेडिऑन एचडी ७००० ते आर९ फ्युरीपर्यंतच्या बहुतेक कार्डांचे नियमित ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबवले. भारतात भरपूर खपलेल्या जीटीएक्स १०५० टीआयसारख्या १० मालिकेच्या कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर फक्त सुरक्षेचे अपडेट, आणि तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंतच. म्हणून काही ती कार्डं लगेच टीव्हीवर चित्र दाखवायची थांबत नाहीत. कंपनीच्या साइटवर कार्डाचं मॉडेल निवडून त्याच्यासाठीचा शेवटचा ड्रायव्हर घ्यायचा, तो पेन ड्राइव्हवर जपून ठेवायचा आणि 'सगळ्यात नवा' म्हणून दुसऱ्याच पिढीचा ड्रायव्हर बसवायचा खटाटोप करायचा नाही.

पोर्टच जळला तर कोणताही ड्रायव्हर उपयोगाचा नाही, आणि पोर्ट जळण्याचं एक कारण आपल्याकडच्या वायरिंगमध्ये आहे. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर चालणाऱ्या डेस्कटॉपच्या पत्र्याला हात लावला की चुणचुण जाणवते. मशीनच्या पॉवर सप्लायमधून सूक्ष्म करंट पत्र्यावर येत असतो आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. अशा वेळी चालू मशीनला एचडीएमआय केबल खुपसली, आणि टीव्हीला केबलवाल्याची तार आधीच जोडलेली असली, तर तो करंट एचडीएमआयच्या नाजूक पिनांमधून वाट काढू शकतो. कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही खऱ्या अर्थिंगच्या तीन पिनी बोर्डावर घ्यावेत, केबल लावताना दोघांचेही प्लग काढून ठेवावेत, आणि केबल किंवा डिशची तार सगळ्यात शेवटी जोडावी. विजा कडाडत असतील तर ती तार काढून ठेवलेलीच बरी.